दयेच्या दुकानातील मजुरी

परोपकारी संस्थेत अन्याय होणार नाही, असे आपण सहसा गृहीत धरतो. नेमक्या याच समजुतीच्या आडोशाने तो निर्धास्त नांदतो.

दानात आलेले जुने कपडे व वस्तू विकून गरजूंना काम देणारी अमेरिकेतील ‘गुडविल’ ही संस्था धर्मोपदेशक एडगर हेल्म्स यांनी १९०२ साली बोस्टन येथे स्थापन केली. भीक नव्हे, संधी, हे तिचे ब्रीद. परंतु पेनसिल्व्हेनियातील तिच्या काही अपंग कामगारांना तासाला अवघे २२ सेंट मिळाल्याचे २०१३ साली उघडकीस आले. देशातील किमान वेतन होते सव्वासात डॉलर!

यात बेकायदा काहीच नव्हते, हे अधिक लाजिरवाणे. १९३८ च्या श्रमकायद्यातील चौदावे कलम अशी सवलत देते. कामगाराचा कपडे टांगण्याचा वेग व्यवस्थापकाने घड्याळ लावून मोजावा आणि त्यावरून मजुरी ठरावी. व्यवस्थापकाचा वेग मात्र कोणी मोजत नाही.

सवलत नसती तर या माणसांना कामच मिळाले नसते, हा संस्थेचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण उपकाराखाली दबलेला माणूस तक्रार तरी कोणाकडे करणार? संस्था धर्मादाय असेल. तेथे गळणारा घाम धर्मादाय नसतो.