अर्धी दुरुस्ती

छातीच्या एक्स-रेत डावे-उजवे चुकले तर हृदयाचे टोक चुगली करते. पोटाच्या सीटीत ते काम यकृत करते. मेंदूच्या एमआरआयमध्ये असा साक्षीदार नाही. उजव्या गोलार्धाचे पुढचे टोक आणि डाव्याचे मागचे टोक बहुतेकांत थोडे जास्त बाहेर आलेले असते, हे खरे. गेश्विंड आणि लेव्हिट्स्की यांनी १९६८ साली शंभर मेंदू मोजले तेव्हा ६५ मेंदूंत प्लॅनम टेम्पोराले डावीकडे मोठे निघाले, ११ मध्ये उजवीकडे. पण शंभरातल्या पासष्टांवरून समोरच्या एका रुग्णाची बाजू ठरत नाही. आरशात उलटलेला मेंदू मूळ मेंदूइतकाच पटण्याजोगा दिसतो. बाजू कळते ती फक्त फाइलमध्ये लिहिलेल्या आकड्यांवरून.

हे आकडे कुठे आणि कसे बिघडतात, याबद्दल आपल्या क्षेत्रात एक सोयीस्कर समज आहे: यंत्र चुकते, किंवा सॉफ्टवेअर चुकते. आमचे निरीक्षण वेगळे आहे. मूळ चूक बहुधा उघडी असते आणि कोणाच्या ना कोणाच्या नजरेस पडते. मग कोणीतरी ती डोळ्यांनी बघून ‘सरळ’ करतो, आणि त्या अर्ध्या दुरुस्तीतून अशी चूक जन्माला येते जी नंतर कोणालाच दिसत नाही.

कन्सोलपासूनच पाहू. रुग्ण टेबलावर कसा झोपला आहे, म्हणजे डोके आधी की पाय आधी, उताणा की पालथा, हे तंत्रज्ञ यंत्राला सांगतो. यंत्राला ते स्वतःहून कळत नाही. समजा रुग्ण उताणा आहे आणि नोंद ‘पालथा’ अशी झाली. यंत्र वरच्या दिशेला पाठ समजते. त्यामुळे पुढचे-मागचे उलटते, आणि त्याबरोबर डावे-उजवेही उलटते, कारण नोंदीतली ही चूक म्हणजे १८० अंशांचे फिरवणे आहे. पडद्यावर नाक खाली आलेले दिसते. इथवर काही बिघडलेले नाही, चूक पकडली गेली आहे.

आता कोणी घाईत चित्र उभे उलटवतो. नाक वर येते. ‘आर’ हे अक्षर पडद्याच्या डाव्या हाताला, म्हणजे रोजच्या जागीच असते. सगळे ठीक दिसते, पण ते अक्षर रुग्णाच्या डाव्या गोलार्धाशेजारी बसलेले असते. चित्र १८० अंशांनी फिरवले असते तर नाकही वर आले असते आणि मेंदूही रोजच्या मांडणीत बसला असता. अक्षरे तेवढी चुकीची राहिली असती, आणि ‘आर’ पलीकडे गेलेला पाहून कोणीतरी थबकले असते. उजवा हातमोजा कितीही फिरवला तरी डावा होत नाही, आरशात मात्र तो डावाच दिसतो. फिरवणे आणि उलटवणे यांतला हा फरक शाळेच्या भूमितीतला आहे, तरी पॅक्सच्या पडद्यावर दोन्ही बटणे शेजारीशेजारी असतात आणि हात सवयीने कुठल्याही बटणावर जातो. खरा उपाय कन्सोलवरची नोंद दुरुस्त करून मालिका पुन्हा पाठवणे हाच.

तालुक्याच्या गावाहून मोठ्या पाकिटात येणाऱ्या फिल्मचीही हीच गत. व्ह्यू-बॉक्सवर फिल्म उलटी लागली तर उलटी अक्षरे लगेच ओरडतात. त्याच फिल्मचा फोटो काढून, कडा कापून व्हॉट्सअॅपवर पाठवला की अक्षरेही गेली आणि साक्षही. असा फोटो पाहून बाजूबद्दल मत देऊ नये, एवढे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक रेडिओलॉजिस्टला आहे. तो वापरला जात नाही.

संशोधनाच्या वाटेवर हाच प्रकार अधिक गणिती रूपात भेटतो. डायकॉममध्ये अक्ष रुग्णाच्या शरीराला बांधलेले असतात: पहिला डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे, तिसरा डोक्याकडे. याला एलपीएस म्हणतात. निफ्टी या संशोधनातल्या फाइल-स्वरूपात पहिला अक्ष उजवीकडे, दुसरा पुढे आणि तिसरा डोक्याकडे वाढतो, म्हणजे आरएएस. आयटीके आणि त्यावर उभी असलेली अँट्स या प्रणाली एलपीएस मानतात. अॅफनी या प्रणालीच्या मंडळींनी तर अक्ष कुठून सुरू होतो यावरून नाव दिले, म्हणून त्यांचे ‘आरएआय’ आणि बाकीच्यांचे ‘एलपीएस’ एकच. (नवख्या विद्यार्थ्यांना छळण्यासाठीच हे केले असावे अशी शंका आम्हाला अधूनमधून येते.)

निफ्टीत (-५०, २०, १०) असलेला बिंदू अँट्सला द्यायचा तर (५०, -२०, १०) असा द्यावा लागतो. विसरलात तर बिंदू कपाळाच्या बाजूऐवजी मागच्या बाजूला पडतो आणि लगेच कळते. इथेही चूक दोन अक्षांची, म्हणून ती उघडी. धोका पुढे आहे. ‘पुढचे-मागचे उलटे आले’ म्हणून कोणी फक्त दुसऱ्या अंकाचे चिन्ह बदलतो. बिंदू पुन्हा पुढच्या भागात, अगदी योग्य उंचीवर, योग्य खोलीवर येतो, फक्त समोरच्या गोलार्धात. भाषेच्या अभ्यासात ब्रोकाच्या क्षेत्राशी खेळताना याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

एक साधा हिशेब करून बघण्यासारखा आहे. एफएसएल या प्रणालीसोबत येणाऱ्या दोन मिलिमीटरच्या एमएनआय या प्रमाणित मेंदू-साच्यात ९१ × १०९ × ९१ व्हॉक्सेल आहेत. पहिल्या अक्षावरचा क्रमांक शून्यापासून मोजला तर मिलिमीटरमधला निर्देशक = ९० - (२ × क्रमांक). म्हणजे शून्यावा व्हॉक्सेल अगदी उजवीकडे, ४५ वा मध्यरेषेवर, आणि ७० वा -५० वर, डावीकडे. पायथनमध्ये फाइल वाचून, त्यातला आकड्यांचा ठोकळा तेवढा घेऊन, क्रमांकावरून निर्देशक ठरवणारी मूळ मॅट्रिक्स टाकून देऊन ‘क्रमांकाबरोबर निर्देशक वाढतो’ अशी नवी मॅट्रिक्स कोणी लिहिली, की तोच ७० वा व्हॉक्सेल +५० वर जातो. चित्र सुंदर, तक्ता नीटनेटका, गोलार्ध चुकीचा. त्यात भर म्हणजे निबाबेल ठोकळ्याचे अक्ष एका क्रमाने देते आणि सिंपल-आयटीके बरोबर उलट्या क्रमाने. यंत्रशिक्षणाकडून आपल्या क्षेत्रात आलेल्या तरुणांना आमची विनंती आहे की मॅट्रिक्सला फाइलचे वेष्टन समजून फेकू नका. प्रशिक्षणासाठी प्रतिमा आडव्या उलटवून संख्या वाढवता, ते ठीक. पण ‘डावे हिप्पोकॅम्पस’ आणि ‘उजवे हिप्पोकॅम्पस’ ही लेबले त्याबरोबर अदलाबदल केली नाहीत, तर डावे-उजवे वेगळे नसते असेच प्रारूप शिकते.

निफ्टीने हा गोंधळ खूप कमी केला, हे मान्य केले पाहिजे. त्याआधी मेयो क्लिनिकच्या अॅनालाइझ ७.५ स्वरूपाचे राज्य होते. त्याच्या ३४८ बाइटच्या हेडरमध्ये दिशा नीट सांगण्याची सोयच नव्हती. एसपीएमच्या २ क्रमांकाच्या आवृत्तीत अॅनालाइझ फाइल उलटी साठवली आहे की नाही हे एका सेटिंगने ठरे, आणि ते सेटिंग फाइलमध्ये नसून प्रयोगशाळेच्या संगणकावर असे. २००३ च्या सुमारास निफ्टीच्या कार्यगटाने तेवढ्याच ३४८ बाइटांत दोन वेगवेगळ्या मॅट्रिक्स बसवल्या. क्यूफॉर्म फिरवणे, सरकवणे आणि व्हॉक्सेलचे माप सांगू शकतो. एसफॉर्म बारा आकड्यांचा, त्यात तिरकेपणाही मावतो. तिरप्या गॅन्ट्रीचा सीटी म्हणून क्यूफॉर्ममध्ये नीट बसत नाही. प्रत्येकाला एक संकेतांक आहे: ० म्हणजे अज्ञात, १ म्हणजे स्कॅनरचा अवकाश, २ दुसऱ्या प्रतिमेशी जुळवलेला, ३ तालैराख, ४ एमएनआय.

दोन मॅट्रिक्स ठेवण्यामागचा हेतू चांगला होता. पण दोघींत तफावत पडली तर कोणती खरी, याबद्दल सॉफ्टवेअरांत एकमत नाही. आयटीकेने तर आवृत्ती बदलताना प्राधान्यही बदलले आहे. एका प्रणालीत फाइल उघडून ‘ठीक आहे’ म्हणणे म्हणूनच अपुरे. आणि दोन्ही संकेतांक शून्य असतील तर ती फाइल बाजूबद्दल काहीच सांगत नाही, ती कितीही सरळ दिसो. एफएसएल वापरणाऱ्यांनी आणखी एक भेद सांभाळावा. ‘एफएसएलरीओरिएंट-टू-स्टँडर्ड’ ही आज्ञा फक्त काटकोनी फिरवणी करते, डावे-उजवे तिच्याने बदलत नाही. ‘एफएसएलस्वॅपडिम’ने मात्र आरशाचे काम होऊ शकते. तशी वेळ आली की ती इशारा देते, आणि इशारा वाचायला कोणी थांबत नाही.

डिफ्युजन एमआरआयमध्ये तर चित्र बरोबर असून ग्रेडियंटच्या दिशा चुकू शकतात. सदिश पूर्ण उलटा केला तरी फरक पडत नाही, पण एकाच घटकाचे चिन्ह बदलले तर तंतूंची वाट मोडते. कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या कमानीवर दिशारेषा काढून बघा. त्या कमानीसोबत वळण्याऐवजी तिला छेदत असतील तर काम थांबवा. एमआरट्रिक्समधली ‘डीडब्ल्यूआयग्रॅडचेक’ ही आज्ञा सगळे पर्याय वापरून तंतूंची सरासरी लांबी मोजते आणि सर्वांत लांब तंतू देणारा पर्याय सुचवते. छोटी गोष्ट, पण प्रत्येक नव्या प्रोटोकॉलला एकदा करावी अशी.

अॅफनीच्या चमूने २०२० साली सार्वजनिक संग्रहांतच डावे-उजवे उलटलेल्या प्रतिमा सापडल्याचे दाखवले. त्यांची पद्धत सोपी आहे: कार्यात्मक प्रतिमा आहे तशी आणि उलटवून, अशी दोनदा शारीर प्रतिमेवर जुळवायची. उलटवलेली अधिक चांगली जुळली तर दोघींपैकी एक उलटी आहे. कोणती, ते ही पद्धत सांगत नाही, आणि दोन्ही एकाच वेळी उलटल्या असतील तर तिला काहीच दिसत नाही. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल कपाळाच्या एका बाजूला चिकटवली की टी-१ मध्ये ती ठळक पांढरी दिसते. मात्र कवटी काढून टाकण्याआधी किंवा चेहरा पुसण्याआधी ती पाहून नोंद करायला हवी, नंतर ती नसते. कार्यात्मक प्रयोगात उजव्या हाताने बटण दाबायला लावा. डावी कारक पट्टी पेटली पाहिजे, मग माणूस डावखुरा असो वा नसो.

भारतीय साच्यांबद्दलही एक शब्द. हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने शंभर तरुण भारतीयांच्या प्रतिमांवरून आयबीए-१०० हा साचा २०१९ मध्ये मांडला. आपल्याकडच्या मेंदूंसाठी तो वापरावा, असेच आमचे मत. पण त्यातला निर्देशक एमएनआयमधला नव्हे, आणि तालैराखचा तर नव्हेच, कारण तो १९८८ चा नकाशा एका साठ वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर उभा आहे. तक्त्यात ‘प्रमाणित अवकाश’ एवढेच लिहिलेले लेख आमच्याकडे अजून येतात.

पुढच्या अंकापासून या मासिकाकडे येणाऱ्या मेंदूप्रतिमांच्या लेखांत आम्ही तीन गोष्टी मागू: साच्याचे पूर्ण नाव आणि आवृत्ती, अक्षांची दिशा, आणि बाजू कशावरून पडताळली याचे एक वाक्य. ‘डोळ्यांनी पाहून’ हे उत्तर चालणार नाही. जुन्या सीडींवर अॅनालाइझ स्वरूपात पडून असलेल्या, कॅप्सूल नसलेल्या प्रतिमा फेकून द्या असे कोणी म्हणत नाही. एकूण आकारमान, वयानुसार होणारी झीज, व्हेंट्रिकलची रुंदी यांसाठी त्या खुशाल वापरा. गोलार्धांची तुलना असलेला लेख त्यांवर लिहायचा असेल, तर आधी त्या स्कॅनची मूळ डायकॉम मालिका कोणाकडे उरली आहे का, ते शोधा.