गाईच्या पेंढीचा हिशेब

गिरगावातून भुलेश्वरकडे जाताना गाईला चारा घालणारी माणसे मी नेहमी पाहतो. पैसे द्यायचे, हिरवी पेंढी घ्यायची, गाईपुढे ठेवायची आणि नमस्कार करून कामाला लागायचे. पेंढी कधी साध्या गवताची, कधी लसूणघासाची. (लसणीशी त्याचा काही संबंध नाही, ‘ल्यूसर्न’ आपल्या जिभेवर रुळता रुळता लसूण झाले असावे.) ही पेंढी ज्या शेतातून येते, तिथे परत काय जाते?

एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. 1838 साली चराईवर कर बसला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी ठाकूरद्वारजवळ कुरण विकत घेऊन गुरांना फुकट चरू दिले. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून पडले, असे सांगतात. 1834 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेला पांजरपोळ आजही आहे. कुरण गेले. 1949 मध्ये आरे वसाहत झाली आणि शहरातले तबेले तिकडे हलू लागले. चारा बाहेरून आणण्याला पर्याय उरला नाही.

लसूणघास मोठे गुणी पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरले की तीन-चार वर्षे टिकते, साधारण महिन्याला कापणी देते. वाळल्या चाऱ्यात 18 ते 20 टक्के प्रथिने. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून ते जमीन सुधारते अशी त्याची ख्याती. ती खरी, पण अर्धीच. नत्र हवेतून येतो. स्फुरद, पालाश आणि चुना मात्र मातीतूनच येतात आणि प्रत्येक कापणीबरोबर शेताबाहेर जातात. गोठा बांधाशी असेल तर शेणातून ते परत मिळतात. भुलेश्वरच्या गल्लीतले शेण बहुधा गटारात किंवा कचऱ्यात जाते.

शिवाय पाणी. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाळी द्यावी लागते. 2019 मध्ये नगर, बीड, सोलापूरकडे चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तिथली जनावरे उसाच्या वाढ्यांवर तगली. ज्यांच्या विहिरीला पाणी, त्यांनाच हे पीक परवडते. शहरात आलेली पेंढी म्हणजे ते पाणीही इथे आलेले असते.

त्यातही एक गंमत. ओला लसूणघास एकटाच भरपूर खाल्ला की जनावराचे पोट फुगते. शेतकरी तो कडब्यात मिसळून देतो. देवळापाशी दिवसभरात किती जणांनी पेंढी घातली, हे त्या गाईशिवाय कोणाला ठाऊक?

पेंढी घालणे थांबवा, असे मी म्हणणार नाही. पण देवस्थानांनी गाईपाशी एक पिंप ठेवून शेण गोळा केले आणि चारा आणणाऱ्या वाहनातूनच ते परत धाडले, तर खर्च फारसा नाही. वाहन तसेही परत जायचेच असते.