दुरुस्त होऊन आलेली सायकल
दुकानांतून दुरुस्त होऊन आलेली सायकल निर्दोषच असणार, असा भरंवसा धरून आम्ही फसलों. घरीं येतांच डावें पेडल हलूं लागलें. पुनः दुकानांत जाण्याच्या संकोचानें आम्हीं स्वतःच पाना घेऊन तें उजवीकडे पिळलें. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, तें डावीकडे फिरवूनच घट्ट होतें, हें आम्हांस कोठें ठाऊक! दुसरे दिवशीं उतारावर पेडल निखळून चिरंजीव पडले. खरचटण्यावर निभावलें, ही ईश्वरकृपा. तरी वाचकांनीं सायकल ताब्यांत घेतांना दुकानांतच दोन्ही ब्रेक दाबून, चाकें उचलून फिरवून व पेडलें हलवून पाहावीं. दोष मागाहून आढळल्यास मुलांस तीवर बसूं न देतां त्याच कारागिराकडे परत न्यावी. त्यांत संकोच कसला?