चौदा पीसचं किट आणि 'लाइफटाइम' वॉरंटी

इकडे टेक्ससमध्ये आलेल्या आपल्या मंडळींना दोन-तीन वर्षांत एक नवीन खूळ लागतं. जुना पिकअप ट्रक! खूळ छान आहे, माझा विरोध नाही. नव्या ट्रकच्या किमती बघितल्या की वीस-पंचवीस वर्षं जुनी शेव्ही एकदम शहाणपणाची वाटायला लागते. भांडण त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. ती पायरी साधारण अशी येते:

"अरे, ९७ ची सी-१५०० घेतलीय. पुढून खडखड येतेय. ऑनलाइन १४ पीसचं सस्पेन्शन किट मिळतंय, शंभर डॉलरच्या आसपास. लाइफटाइम वॉरंटी, साडेचार स्टार. मागवू ना?"

नको मागवूस. का, ते जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी, हा प्रश्नच उलटा आहे. खडखड नेमकी कुठून येतेय हे माहीत नसताना किट मागवणं म्हणजे एरर लॉग न वाचता अख्खा सर्व्हर फॉरमॅट करण्यासारखं आहे. ऑफिसात कुणी असं केलं तर आपण त्याची आठवडाभर खेचू. स्वतःच्या गाडीला मात्र हेच करतो आणि वर त्याला 'एकदाच काय ते सगळं करून टाकलं' असं गोंडस नाव देतो.

आता या १४ पीसमध्ये असतं काय? बहुतेक किटांत वरचे दोन बॉल जॉइंट, खालचे दोन, टाय रॉडचे आतले दोन एंड, बाहेरचे दोन, त्यांना जोडणाऱ्या दोन स्लीव्ह, स्टॅबिलायझर बारच्या दोन लिंक, एक आयडलर आर्म आणि एक पिटमन आर्म. झाले चौदा. यातली स्लीव्ह म्हणजे आट्यांची नळी. गंजून जाम झाली नसेल तर ती बदलायचं कारण नाही. काही गाड्यांच्या पिटमन आर्ममध्ये झिजणारा जोडच नसतो, तो सेंटर लिंकमध्ये असतो. म्हणजे तिथे बदलून मिळतो फक्त नवा काळा रंग! आणि ज्याने जुन्या गाडीची चाल खरोखर बिघडते ते कंट्रोल आर्मचे रबरी बुश? ते यातल्या बऱ्याच किटांत नसतात. कारण उघड आहे. बुश काढायला-घालायला प्रेस लागतो, घाम निघतो, आणि घाम निघाला की स्टार कमी होतात. आकडा फुगवायला स्लीव्ह बरी.

दुसरा मुद्दा, आणि हा खरा गंभीर आहे. चौदाही पीस सारख्या लायकीचे नसतात. टू-व्हील ड्राइव्ह सी-१५०० मध्ये कॉइल स्प्रिंग चेसिस आणि खालच्या आर्मच्या मध्ये बसते. म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचं वजन चेसिसमधून स्प्रिंगवर, तिथून खालच्या आर्मवर आणि तिथून खालच्या बॉल जॉइंटवर येतं. वरचा बॉल जॉइंट फक्त चाकाला दिशा धरून ठेवतो. स्टॅबिलायझरची लिंक तुटली तर टकटक होईल, वळणावर गाडी जास्त कलेल. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडी नाकावर बसते. हे पार्किंगमध्ये झालं तर नशीब. ताशी ७० मैलांवर झालं तर शेजारच्या लेनमधल्या कुटुंबाचं काय? त्यांनी तर आपल्या किटचे स्टार बघितलेले नसतात.

म्हणून म्हणतो, शंभर डॉलर भागिले चौदा हा हिशोब एकदा करा. नगाला साधारण सात डॉलर. त्यात पोलादही आलं, हीट ट्रीटमेंटही आली, रबरही आलं, खोकं आणि विक्रेत्याचा नफाही आला. ज्या एका गोळ्यावर गाडीचं वजन तोललंय त्याच्यावर सात डॉलर?

गंमत म्हणजे हे आपल्याला शिकवायची गरज नाही. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभा राहिलेला कुठलाही माणूस तोंड उघडल्याबरोबर विचारतो, "ओरिजिनल की लोकल?" काउंटरवरचाही न लाजता दोन्हीचे भाव सांगतो. तोच माणूस इकडे येऊन लॅपटॉपसमोर बसला की हा प्रश्न विसरतो आणि स्टार मोजत बसतो. ते स्टार देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी पार्ट बसवला त्याच आठवड्यात दिलेले असतात. नवा बॉल जॉइंट पहिल्या आठवड्यात घट्टच असतो हो! प्रश्न तिसऱ्या उन्हाळ्याचा आहे.

आता ती लाइफटाइम वॉरंटी. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. त्यानुसार दहा डॉलरपेक्षा महाग ग्राहकोपयोगी वस्तूच्या लेखी वॉरंटीवर ती 'फुल' आहे की 'लिमिटेड' हे लिहावं लागतं. एकदा खाली स्क्रोल करून बघाच. जवळजवळ नेहमी 'लिमिटेड' दिसेल. म्हणजे सात डॉलरचा पार्ट गेला तर सात डॉलरचा पार्ट मिळेल. तुमचा शनिवार, गॅरेजची मजुरी, पुन्हा करावं लागणारं अलाइनमेंट, यातलं काहीही मिळत नाही. पार्टपेक्षा अलाइनमेंट कितीतरी महाग पडतं, हेवेसांनल. फुकट मिळणारा वाईट पार्ट दुसऱ्यांदा बसवणं याला मी तरी वॉरंटी म्हणणार नाही.

"पण मी नावाजलेला ब्रँड घेईन!" घ्या, पण डोळे उघडे ठेवून. मूगसारख्या जुन्या नावाखालीसुद्धा के अक्षराने सुरू होणारे आणि आरकेने सुरू होणारे असे दोन वेगळे माल मिळतात. एसीडेल्को तर खुद्द जनरल मोटर्सचा ब्रँड, त्यातही श्रेण्या आहेत. म्हणजे नुसतं नाव पुरत नाही, पार्ट नंबर बघावा लागतो. आणि ज्या किटच्या जाहिरातीत सुट्या भागांचे नंबर दिलेलेच नाहीत, ते किट तिथेच बाद करायचं. दुसरी चाळणी फिटमेंटची. '१९८८ ते १९९८ सगळ्यांना चालेल' असं लिहिलं असेल तर सावध व्हा. त्याच पिढीच्या फोर-व्हील ड्राइव्ह के-१५०० ला पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहेत. ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर गाडीचे ऑप्शन कोड छापलेले असतात, ते वाचायला पाच मिनिटं लागतात.

मग करायचं काय? आधी गाडी वर घ्यायची. जॅक चेसिसखाली नाही, खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका. नाहीतर स्प्रिंगचा ताण जोडावर राहतो आणि खेळ लपतो. चाक वर-खाली धरून हलवा, बॉल जॉइंट बोलतील. डावी-उजवीकडे धरून हलवा, टाय रॉड आणि आयडलर आर्म बोलतील. मग जे झिजलंय त्याची यादी करून तेवढंच घ्या, पण चांगलं घ्या. ग्रीस निपल असलेला जॉइंट घेणार असाल तर ग्रीस गनही घ्या आणि ती वापरा. वापरणार नसाल तर चांगला सीलबंद जॉइंट बरा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करा. हवेत लोंबकळत घट्ट केलेला बुश जन्मभर पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आणि खालचा बॉल जॉइंट सोडवताना आर्मला आधार हवाच. दबलेली कॉइल स्प्रिंग माणूस मारू शकते. हे जमणार नसेल तर गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही.

दोन लाख मैल झालेत आणि सगळंच मूळचं आहे, अशा गाडीला अख्खं किट घालणं योग्य असू शकतं, हे मान्य. पण तो निर्णय गाडी वर घेतल्यानंतरचा.

हे सगळं आत्ताच पोटतिडकीने लिहायला एक कारण आहे. १ जानेवारी २०२५ पासून टेक्ससने खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. त्यात निदान स्टिअरिंग, ब्रेक, टायर कुणीतरी बघायचं. साडेसात डॉलरची फी मात्र चालू आहे (सरकार इथून तिथून सारखंच!). धुराची चाचणी काही काउंट्यांत आहे, पण २४ वर्षांवरच्या गाड्यांना तीही नाही. म्हणजे ९७ च्या ट्रकखाली आता सरकारतर्फे कुणीही वाकून बघणार नाही. वाकायचं ते मालकानेच.

तेव्हा पीस मोजणं थांबवा, आधी खेळ मोजा. एवढं करून कुणाला तेच किट घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. फक्त हायवेवर माझ्या शेजारच्या लेनमध्ये येऊ नका, ही नम्र विनंती.