दोन हरवलेलीं लेंकरें

नाथषष्ठी आली कीं पैठणचा रस्ता दिंड्यांनीं भरून जातो. छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरवर, गोदेच्या कांठीं, एकनाथांच्या समाधीपुढें कुणबी, माळी, सुतार, लोहार सारे फाल्गुन वद्य षष्ठीला डोकें टेकतात. टेकून घरीं येतात, आणि दाराशीं आलेल्या सख्ख्या भावाला म्हणतात, "तुला इथें जागा नाहीं!" वाचकहो, मग हें डोकें टेकणें कसलें?

नाथांची एक गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. गोदेचें स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक टवाळ मनुष्य थुंके. नाथ मुकाट्यानें पुन्हां स्नानास जात. असें १०८ वेळां झालें म्हणतात. शेवटीं थुंकणाराच पायां पडला. ही गोष्ट आम्हांस फार आवडते, कारण तींतला थुंकणारा नेहमीं दुसरा कोणी तरी असतो!

पण दुसरी गोष्ट नाथांच्या घरांतलीच आहे. महीपतींनीं १७७४ सालीं पुऱ्या केलेल्या 'भक्तलीलामृतां'त ती येते. नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान आणि कर्मठ. त्याला कसलें व्यसन नव्हतें. त्याची तक्रार एवढीच कीं बाप प्राकृतांत, म्हणजे तुमच्याआमच्या मराठींत, पुराण सांगतो आणि परान्न घेतो. तो रागावून काशीस निघून गेला. थुंकणारा नदीकांठीं हरवला होता. हा सोंवळ्यांत हरवला.

बापानें काय केलें? नाथ स्वतः काशीस गेले आणि मुलाच्या दोन्ही अटी त्यांनीं कबूल केल्या. ज्यांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यांनीं मुलासाठीं मराठी पुराण बंद ठेविलें! पुढें मुलाच्या पुराणाचे श्रोते ओसरले. आणि एका गरीब म्हातारीच्या घरीं नाथ जेवले तेव्हां त्याचा ताठा गळाला, अशी कथा आहे. पत्रावळीखालीं पत्रावळ निघाल्याचा चमत्कार ज्याला मानावयाचा त्यानें मानावा. अटी घालणाऱ्या लेंकरापुढें बाप वांकला, हाच आम्हांस मोठा चमत्कार वाटतो.

ख्रिस्ती शास्त्रांतही दोन भावांची गोष्ट आहे. धाकटा आपली वाटणी उधळून परततो, बाप मेजवानी करतो, आणि थोरला रुसून बाहेर उभा राहतो. बाप त्याचीही समजूत घालावयास बाहेर येतो. थोरला आंत गेला कीं नाहीं, तें मात्र तेथें सांगितलेलेंच नाहीं.

आतां आपल्या घराकडे पाहूं. जमीन विकून, पैसा दारूंत घालून शहरांत हमालीला गेलेला धाकटा ऐन ज्वारीच्या खळ्यावर येऊन उभा राहतो. थोरल्यानें इतकीं वर्षें घर ओढलें, देणें फेडलें, आईचें औषधपाणी केलें. त्याचा राग खोटा नाहीं. त्याला क्षमेचा उपदेश करणें सोपें आहे, कारण उपदेश करणाराला कर्ज फेडावयाचें नसतें. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं हिशेब बुडवूं नका. जमीन, कर्ज आणि दारू यांचें बोलणें सकाळीं चार माणसांपुढें होऊं द्या. पण भाकरी आज रात्रींच वाढा. आणि थोरल्यालाही घरांतल्या कोणी तरी म्हणावें, "बाबा, तुझे कष्ट आम्ही पाहिले आहेत. हें घर तुझेंच आहे."

जातीच्या सोंवळ्यावर आम्ही कोरडे ओढतों, तें योग्यच आहे. परंतु माळकऱ्याचें सोंवळें असतें, निर्व्यसनी माणसाचें असतें, आणि सुधारणेचे लेख लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांचेंही असतें. देव उधळ्याकडून दंड मागत नाहीं आणि सोंवळ्याकडून दाखलाही मागत नाहीं. त्याच्या दारीं मध्यस्थ बसलेला नाहीं. पुढच्या षष्ठीला पैठणास जाल, तेव्हां घरीं कोणाला बोलावणें राहिलें आहे, तें आठवून निघा.