चाचणीची विद्या आणि आमचीं महाविद्यालयें

संगणकशास्त्राच्या आमच्या पदवीधरास प्रोग्रॅम लिहितां येतो, पण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमचा संशय घेतां येत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि ह्याचा दोष आम्ही शिकविणारांच्या पदरीं घालतों. सॉफ्टवेअरची चाचणी हा विषय अभ्यासक्रमांत नाहीं असें नव्हे. तो आहे, परंतु कसा? ‘ब्लॅक बॉक्स’ आणि ‘व्हाइट बॉक्स’ ह्यांतील भेद पांच गुणांसाठीं पाठ करावयाचा, एवढ्यापुरता!

मध्यंतरीं एका महाविद्यालयांत परीक्षक म्हणून जाण्याचा आम्हांस योग आला. ग्लेनफर्ड मायर्स ह्यांनीं १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत घातलेला प्रश्न आम्ही विचारला: तीन पूर्णांक बाजू म्हणून दिले असतां त्रिकोण समभुज, समद्विभुज कीं विषमभुज, हें सांगणारा प्रोग्रॅम तपासावयाचा आहे, कोणते आंकडे द्याल? एका हुषार मुलानें ३, ४, ५ दिले. ५, ५, ५ दिले. ५, ५, ८ दिले. आणि तो समाधानानें आमच्याकडे पाहूं लागला. १, २, ३ ह्या बाजूंचा त्रिकोणच होत नाहीं, हें त्याला शाळेंत शिकविलेलें होतें; पण प्रोग्रॅमला तें मुद्दाम विचारावें, हें कोणीं शिकविलें नव्हतें. शून्य आणि ऋण संख्या ह्यांची तर गोष्टच नको. आपलें अपत्य निर्दोष असल्याचे दाखले बिचारा गोळा करीत होता.

“हें सर्व नोकरींत आपोआप येतें,” असें आमचे प्राध्यापकमित्र म्हणतात. ४ जून १९९६ रोजीं युरोपाचा ‘एरियान ५’ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत, सुमारें चाळीस सेकंदांत, नष्ट झाला. तो बनविणारे नवशिके होते काय? ‘एरियान ४’ मधील प्रोग्रॅमचा एक भाग त्यांनीं तसाच उचलला. नव्या बाणाच्या मार्गाचे आंकडे घालून तो कोणीं तपासला नाहीं. ६४ बिटांतील संख्या १६ बिटांत मावली नाहीं, आणि खेळ आटोपला.

चाचणीनें दोष असल्याचें कळतें, नसल्याचें कधींच कळत नाहीं, हें डाइक्स्ट्रा ह्यांचें १९६९ सालचें मत कोणी पुढें करतील. करोत बापडे! नाडीपरीक्षेनें अमरत्व सिद्ध होत नाहीं, म्हणून वैद्यानें नाडी पाहणें सोडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकीं निम्मे गुण शेजाऱ्याच्या प्रोग्रॅममधील दोष शोधून काढण्यास ठेवावे, एवढीच आमची मागणी आहे. वर्गांत भांडणें होतील, अशी भीति एका प्राध्यापकांनीं आम्हांस बोलून दाखविली. खुशाल होऊं द्यावीं.