ताट आमचे, धोरण कुणाचे?

मैत्रिणींनो, शेतमालाच्या भावाचा विषय निघाला की आपल्या बैठकांत एक ठरावीक शांतता पसरते. हा शेतकरी संघटनांचा प्रश्न, आपला प्रश्न हिंसेचा, आरोग्याचा, असे आपण न बोलताच ठरवून टाकले आहे. मग शिबिरात बाईचे रक्त तपासायचे, लोहाच्या गोळ्यांचे पाकीट हातात द्यायचे आणि 'पालेभाजी खा, डाळ खा' असे सांगून पुढच्या बाईला बोलवायचे. कुठल्या शेतातली पालेभाजी? कुणाच्या पैशांची डाळ?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 48 टक्के स्त्रियांना रक्तपांढरी होती. पाचव्या फेरीत (2019-21) ते प्रमाण 54.2 टक्के झाले. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ते 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेले. याचे खापर 'आयांच्या अज्ञानावर' फोडणे ही शुद्ध बदमाशी आहे. काय पेरले की पैसा मिळेल हे सरकार ठरवते, आणि जे पेरले जाते तेच शेवटी ताटात येते किंवा येत नाही.

ऊस पाहा. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीचा एक दशांशही हिस्सा त्याच्याकडे नाही, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा तो पितो. उसाला कायद्याचे कवच आहे : 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज. (कारखाने ते पाळतातच असे नाही, पण निदान भांडायला कागद आहे.) आता इथेनॉलची हमी बाजारपेठही आहे. मालदांडी ज्वारीला 2025-26 साठी क्विंटलला 3,749 रुपये हमीभाव जाहीर झाला. जाहीर होणे वेगळे आणि मिळणे वेगळे. खरेदी केंद्र उशिरा उघडते, कोटा भरला की बंद होते, आणि हातउसने फेडायची घाई असलेले घर तोवर व्यापाऱ्याला माल देऊन मोकळे झालेले असते. मग ज्वारी कोण पेरील? मराठवाड्यातली खरिपाची ज्वारी सोयाबीनने खाल्ली. सोयाबीन विकायचे पीक, ते घरातल्या कणगीत जात नाही.

आणि ज्या पिकाला एवढे संरक्षण, ते तोडणारी बाई कोण आहे? नवराबायको मिळून 'एक कोयता', उचल नवऱ्याच्या हातात, पाळीत दुखले म्हणून बसली तर खाडा. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. या आकड्यावर आपण मोर्चे काढले, ते बरोबरच होते. पण डॉक्टर आणि मुकादम यांच्यापाशी थांबलो. ऊस एवढा का, हे विचारले नाही.

आता पालेभाजीबद्दल. खुरपायला गेलेली बाई येताना ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू घेऊन येत असे. बिनपैशाचे लोह होते ते. कपाशीत, तुरीत अंबाडी, चवळी, मटकी यांच्या चार ओळी बाईच्या मर्जीने पडत. एकपिकी शेती आली, तणनाशक आले, आणि या भाज्या 'तण' म्हणून जळाल्या. त्याच फवाऱ्यात खुरपणीची मजुरीही जळाली. माझ्या कामाच्या गावांत भाजी आता आठवडी बाजारातून येते, म्हणजे ज्या आठवड्यात पैसे असतील त्या आठवड्यात.

रेशनची तऱ्हा अशीच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्य 1 रुपया, गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो असे लिहिले. जानेवारी 2023 पासून धान्य मोफत झाले. मोफत धान्याला नावे ठेवणारे पोटभरू लोक आहेत, मी त्यांच्यातली नाही. 1972 च्या दुष्काळातली मिलो ज्यांनी खाल्ली त्यांना विचारा. पण ज्वारीच्या मुलखात मुख्यत्वे गहू-तांदूळच येतो आणि डाळ त्या कायद्याच्या हक्कात नाहीच. रक्तपांढरीवर उपाय म्हणून 2021 साली लाल किल्ल्यावरून काय जाहीर झाले? तांदळातच लोह मिसळू! शेतातले लोह जाळायचे आणि गिरणीत घालायचे.

2023 हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. शहरात नाचणीची बिस्किटे आली. ज्वारी उपटणारे, कणसे मोडणारे, चुलीपुढे भाकऱ्या थापणारे हात कुणाचे, याबद्दल अवाक्षर नाही. पौष्टिक अन्नाच्या नावाखाली बाईचे कष्ट वाढणार असतील तर तेही आपल्याला मान्य नाही. कापणी-मळणीची यंत्रे उसासाठी येतात तशी ज्वारीसाठीही, बाईच्या हाताला झेपतील अशी, आली पाहिजेत.

त्याच अन्नसुरक्षा कायद्यात घरातली सर्वांत वडीलधारी बाई शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख आहे. सातबारावर मात्र नवरा, सासरा, दीर. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खातेदारांत स्त्रिया जेमतेम 14 टक्के होत्या. म्हणजे मागायच्या रांगेत ती प्रमुख, पेरायच्या निर्णयात ती नाही. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती'त काही नावे लागली. ते काम आपण पुढे का नेले नाही?

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरातच होते. ती प्रत्यक्ष भरवू या. अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार दूर ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच दिला आहे. त्याच्या आधारे गावातली ज्वारी आणि तूर बचतगटाने हमीभावाने घ्यावी, अंगणवाडीत तीच शिजावी, असा ठराव लिहून घ्या. ज्वारीचे खरेदी केंद्र काढणीआधी उघडावे आणि पैसे उसासारखेच 14 दिवसांत मिळावेत, ही मागणी त्याच कागदावर घाला. खाली सह्या बायकांच्या, आणि प्रत तहसीलदाराकडे पोच घेऊन.